मॅकसाहेबांची तार, सायसिंगचा फोन

मी पौलुस गावित. गाव आमचं नवापूर तालुक्यात, चिंचपाड्याहून आत तीन-चार किलोमीटर, डोंगराच्या पोटाशी. आमच्या नवापूरचं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातमध्ये, तर माणूस कुठला म्हणून काय सांगू तुम्हाला, घरात आम्ही मावची बोलतो, बाजारात अहिराणी, सुरतेला गेलो की गुजराती, टीममध्ये सगळं आयुष्य हिंदी, आणि ही मराठी शाळेत शिकलो तेवढी, तर कुठं चुकलं तर लिहिताना नीट करून घ्या. नाही, राहू द्या, नीट नका करू, असंच बोलतो मी.

बाप माझा कुपात जायचा, कूप म्हणजे जंगल खात्यानं तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा, तिथं झाडं तोडायची नि ओंडके खाली आणायचे, आणि पावसाळ्यात घरचं भात, उतारावर नागली. आम्ही पाच भावंडं, मी तिसरा. आई फार प्रार्थनेची बाई. बाप बोलायचा कमी, म्हणजे इतका कमी की पाहुणे आले तर त्यांना वाटायचं आपण नकोसे झालो. पाचवीला मला मिशनच्या वसतिगृहात टाकलं, आणि तिथं मैदान होतं, उतरतं मैदान, खालच्या बाजूला गोल झाला की चेंडू ओढ्यात जायचा आणि ज्यानं गोल खाल्ला त्यानंच तो काढून आणायचा. तर मी चेंडू ओढ्यात जाऊच द्यायचा नाही हे शिकलो. थंडीत ओढ्यात उतरायला नको म्हणून शिकलो, दुसरं काही नाही. त्यातून मी स्टॉपर झालो, स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढं मधोमध उभा राहून येईल त्याला अडवणारा.

बापानं माझा खेळ एकदाच बघितला. बाजारातून चालला होता, मीठ नि रॉकेल घेऊन, मॅच चालू होती तर बांधावर उभा राहिला. संध्याकाळी मला म्हणाला, तू मागं उभा राहतो ते बरं करतो, मागच्याला सगळं दिसतं. माझ्या खेळाबद्दल तो आयुष्यात एवढंच बोलला.

मामा सुरतेला मिलमध्ये होता. त्यानं सांगितलं मिलच्या टीमला पोरगा पाहिजे, उंच पाहिजे. गेलो. तोवर मी अनवाणी खेळलेलो, त्यांनी बूट दिले, तीन दिवसांत पाय सोलून निघाले, मी बूट हातात घेऊन मॅनेजरकडं गेलो, म्हटलं साहेब हे राहू द्या, ते हसले. दोन वर्षं सुरत, मग मिलच बंद पडली. मग भुसावळ, मग बडोदा, मग मुंबईत एका कंपनीची टीम, तिथं सकाळी गोदामात हजेरी लावायची नि दुपारी प्रॅक्टिस. एक हंगाम कलकत्ता, तिथं गुडघाभर चिखलात मी माझा सगळ्यात चांगला खेळ खेळलो आणि कुणाच्या ध्यानात नाही. मधल्या काळात लग्न झालं, मार्था खांडबाऱ्याची, तिनं घर बघितलं, वावर बघितलं, दोन पोरी वाढवल्या, मी नाताळला नि पावसाळ्यात पाहुण्यासारखा यायचो. बायका तिला विचारायच्या, तुझा नवरा काय काम करतो, ती सांगायची, अडवतो. काय अडवतो विचारलं तर म्हणायची, ते त्यालाच विचारा, मला तर कधी कशाला अडवलं नाही त्यानं.

मग गोवा. तिथं एका खाणवाल्याची टीम होती, मोठी टीम, आणि त्या साली त्यांनी परदेशातून कोच आणला. स्कॉटलंडचा माणूस. नाव लांबलचक होतं, आमच्या जिभेवर बसेना, आम्ही मॅकसाहेब म्हणायचो. साठीला आलेला, नाक कायम लाल, उन्हानं सोललेलं. त्याचा बाप कोळशाच्या खाणीत होता, आणि तो स्वतः पोरवयात खाणीत जायच्या ऐवजी फुटबॉलला गेला, तिकडं आठ-नऊ टीमांत खेळला, स्टॉपरच, माझ्याच जागेवर, आणि मग गुडघा गेला तसा कोच झाला आणि देशोदेशी हिंडला, आफ्रिका, मलेशिया, अरब लोकांत, ऑस्ट्रेलिया, कुठं दोन वर्षं कुठं सहा महिने. हिंदीचे त्याला पाच शब्द येत होते, पानी, जल्दी, पीछे, शाबास आणि बस. बाकी लुकास म्हणून गोव्याचाच माणूस होता, टीमचा मदतनीस, तो सांगायचा आम्हाला साहेब काय बोलला ते.

मॅकसाहेब पहाटेला मैदानावर एकटा चालायचा, खडे वेचत, आणि पँटीचे खिसे खड्यांनी भरून यायचा. आम्हाला कवायत करवायचा नाही फार. जेवणाच्या टेबलावर चमचे नि मिठाच्या डब्या मांडून दाखवायचा, हा तू, हा तो, तू इथं उभा राहिला तर याला जागा कुठं. मला त्यानं जेवढं शिकवलं तेवढं कुणी नाही. धावू नको, म्हणायचा, ज्याला आधी दिसतं त्याला धावावं लागत नाही. मला त्याच्याबद्दल माया होती, खरं सांगतो, बापाच्या जागी म्हणणार नाही, पण माया होती. तो एकटा जेवायचा, भात चमच्यानं, आणि जेवताना खिडकीतून बाहेर बघायचा. एकदा मी लुकासला विचारायला लावलं, साहेब तुमचं घर कुठं, तर तो म्हणाला, बॅगेत.

त्या वर्षी आमची टीम वरच्या गटात जाते का राहते असं झालं होतं, शेवटची मॅच रविवारी, जिंकलो तर वर. शनिवारी दुपारी तार आली. मला माहीत नाही आली ते. ऑफिसच्या माणसानं ती मॅकसाहेबांच्या हातात दिली, लुकासनं वाचली, वडील गंभीर, ताबडतोब निघा. साहेबांनी तार घडी करून खिशात ठेवली, आणि शनिवारी संध्याकाळी जेवताना माझ्यासमोर चमचे मांडून मला उद्याचा खेळ समजावला. रविवारी मी खेळलो. आम्ही जिंकलो. पोरं नाचली, ढोल आणला कुणी. आणि मग अंघोळीच्या खोलीबाहेर साहेबांनी मला हातानं बाजूला घेतलं आणि तो कागद दिला.

तेव्हा गोव्याहून नवापूर म्हणजे काय, बसनं मुंबई, मुंबईहून सुरत, सुरतहून आमची गाडी. मंगळवारी सकाळी गावात पोचलो. बापाला सोमवारी दुपारी माती दिली होती. शनिवारी निघालो असतो तर मातीला पोचलो असतो, डोळे मिटायच्या आधी पोचलो असतो का ते देवाला माहीत, तो रविवारी रात्री गेला. आईनं मला काही विचारलं नाही, पाणी दिलं. मोठा भाऊ म्हणाला, तार शनिवारी केली होती, स्वतः नवापूरला जाऊन केली होती मी. मी म्हटलं, मला रविवारी मिळाली. तो म्हणाला, तारेला एक दिवस लागत नाही. मी काय सांगणार, की आमचा साहेब ती खिशात घेऊन बसला होता.

दहा दिवसांनी परत गेलो. सामान आणायला गेलो होतो, खरं तर भांडायला. मॅकसाहेब मैदानाच्या रोलरवर बसला होता. मी लुकासला म्हटलं, विचार त्याला, का ठेवली. लुकास घाबरला, पण त्यानं विचारलं. साहेब उठला नाही, माझ्याकडं बघत म्हणाला, हो, मी ठेवली. मला ती मॅच पाहिजे होती. तू निघून पोचलाच असतास असं नाही, हा हिशेब मी केला, पण तो हिशेब तुला सांगत नाही, तो माझ्या सोयीचा होता. तुला राग धरायचा तर माझ्यावर धर, मी तुला अडवणार नाही.

मी त्याच्या समोर थुंकलो. माणूस म्हणून मला त्याची लाज वाटते आज, पण थुंकलो. आणि ती टीम सोडली. साहेबही त्याच वर्षी कुठल्या तरी दुसऱ्या देशाला गेला.

त्यानंतर सात-आठ वर्षं खेळलो, इकडं तिकडं, नावं सांगत बसत नाही. मग गुडघा गेला, डावा, बडोद्याच्या मैदानावर, उडी मारून खाली आलो तो पाय दुसरीकडंच वळला. खेळाडूचा कोच झालो. भरूचकडं एका कारखान्याची टीम होती, तिथं मॅनेजर म्हणा कोच म्हणा, सगळं मीच, पोरांच्या जेवणापासून रेफरीशी भांडणापर्यंत. आणि मॅकसाहेबाचं सगळं माझ्यात उतरलं होतं बघा. मी पण चमचे मांडायचो. मी पण पहाटे खडे वेचायचो. फक्त एक ठरवलं होतं, की कुणाच्या घरून निरोप आला तर तो खिशात ठेवायचा नाही. पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो तसं.

आता सायसिंगचं सांगतो. त्याच्यासाठीच बसलोय तुमच्यासमोर, बाकी सगळं तुम्ही काढून टाकलं तरी चालेल.

सायसिंग पावरा, धडगावच्या वरच्या डोंगरातला. तिकडचे लोक दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातमध्ये उतरतात, बारडोलीकडं, कुटुंबच्या कुटुंब, आणि शेताच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाच्या खोपट्या टाकून राहतात, त्याला पडाव म्हणतात. मी एकदा तिकडून मोटरसायकलनं चाललो होतो तर पडावासमोर चार-पाच जण फाटक्या चेंडूनं खेळू राहिले होते, आणि त्यातला एक, वीस-एकवीस वर्षांचा, उंच, चेंडूच्या मागं पळतच नव्हता, चेंडू जिथं येणार तिथं आधीच उभा. मी गाडी थांबवली. त्याची आई उसाच्या मोळ्या बांधत होती, ती हात थांबवून माझ्याकडं बघत राहिली, की हा कोण बाबा आला. मी सांगितलं, याला खेळायला न्यायचं आहे, कारखान्यात कामाला लावतो. बापानं मुकादमाकडं बघितलं, मुकादमानं मान हलवली. आईनं एकच विचारलं, पोरानं मला ते मराठीत करून सांगितलं, तिथं याला ज्वारीची भाकर मिळेल का. मी म्हटलं मिळेल. आणि मिळाली, मेसवाल्याच्या मागं लागून मी त्याला ज्वारीची भाकर चालू करवली.

तीन वर्षं होता तो माझ्याकडं. चेंडू त्याच्यापाशी येऊन शांत व्हायचा, कसं सांगू, जसं गुरं ओळखीच्या माणसापाशी शांत होतात. बोलायला कमी. मला सर म्हणायचा आणि माझ्या पुढं खुर्चीवर बसायचा नाही, कितीदा सांगितलं.

चौथ्या वर्षी कारखान्याचे नवीन मालक आले आणि कानावर आलं की टीम बंद करणार. मग कुणी तरी वर सांगितलं की बडोद्याची टूर्नामेंट जिंकली तर ठेवतील. अठरा पोरं होती माझ्याकडं, टीमच्या नावावर कारखान्यात लागलेली, टीम गेली तर कामही जाणार. सेमीफायनल होती, दुपारी साडेतीनला. आमच्यात पोरांचे फोन मॅचच्या आधी गोळा करून ठेवायची पद्धत, ध्यान राहावं म्हणून, आणि घरी सगळ्यांनी माझा नंबर देऊन ठेवलेला. एकच्या सुमाराला माझा फोन वाजला. सायसिंगच्या गावचा माणूस, त्यांच्या शेजारचा, शाळेत शिकलेला, मराठी बोलणारा. तो म्हणाला, सर, सायसिंगच्या आईला झटका आला, एक अंग गेलं, तोंड वाकडं झालं. आम्ही झोळीत घालून रस्त्याला आणू राहिलोय, इथं टेकडीवर रेंज आहे म्हणून थांबलो, पुढं घाटात रेंज नाही. बाई शुद्धीवर आहे, सायसिंग सायसिंग करू राहिली आहे. त्याला जरा फोन द्या, दोन शब्द कानावर पडू द्या तिच्या.

तुम्हाला सांगतो, सायसिंग माझ्यापासून वीस पावलांवर होता. पायाला पट्टी बांधत बसला होता. मी म्हणालो, तो मैदानात उतरलाय, मी सांगतो त्याला. तो माणूस म्हणाला, बरं सर. आणि फोन बंद झाला.

का म्हणालो असं, मला विचारू नका. म्हणजे विचारा, पण मला आजही सांगता येत नाही. मनात काही ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं. आणि मग मी उभा राहिलो तिथंच, आणि मला वाटलं, निरोप खिशात ठेवायचा नाही असं तू म्हणायचास ना पौलुस, तर जा. गेलो. सायसिंगसमोर बसलो खाली आणि म्हणालो, तुझ्या आईला बरं नाही, दवाखान्यात नेऊ राहिलेत. झटक्याचं बोललो नाही. तुझं नाव घेते आहे ते बोललो नाही. फोनवर तुला मागत होते ते बोललो नाही. बरं नाही, एवढंच. तो थांबला, हातात पट्टी तशीच. म्हणाला, सर, मी जाऊ का, तुम्ही काय म्हणता.

आणि मी म्हणालो, तू बघ.

तू बघ म्हणालो, पण म्हणताना मी भिंतीकडं बघत होतो, तिथं टीमची यादी लावलेली होती, स्टॉपरच्या जागेवर त्याचं नाव. त्यानं माझ्या नजरेमागून त्या यादीकडं बघितलं. मग खाली मान घालून त्यानं पट्टी पूर्ण बांधली.

खेळला. असा खेळला की समोरचा फॉरवर्ड, चांगला नावाजलेला, शेवटी रेफरीलाच बोलायला लागला, यानं मला आज श्वास घेऊ दिला नाही. एक-शून्य जिंकलो. त्याची आई सव्वापाचला घाटात जीपमध्येच गेली. तो निरोप मला सहाला आला, कारण जीप खाली तळोद्याला उतरल्यावर रेंज आली.

मी त्याला सांगितलं. यावेळी सरळ सांगितलं, आई गेली म्हणून, फोनचं मात्र तेव्हाही बोललो नाही. तो बूट धुवत होता नळावर. आणि तो धुतच राहिला म्हणून मी बोलत सुटलो, मी म्हणालो, एक वाजता निघाला असतास तरी पोचला नसतास रे, नंदुरबारचा दवाखाना सहा तास आहे, ती पाचलाच गेली. हे माझं तोंड बोलत होतं, आणि ते ऐकताना मला मॅकसाहेब आठवला, आणि हे पण आठवलं की त्यानं तो हिशेब केला होता पण मला ऐकवला नव्हता. सायसिंगनं बूट धुतले, उलटे करून पाणी निथळवलं, पिशवीत ठेवले, आणि गेला. मी गाडी करून दिली, सोबत एक जण दिला. अंत्यविधीला पोचला तो. परत आला नाही. फायनल आम्ही त्याच्याशिवाय खेळलो आणि हरलो, आणि त्या उन्हाळ्यात टीम बंद झाली. जिंकलो असतो तरी बंद झाली असती असं नंतर कळलं, कागद आधीच निघाले होते.

मी गावी आलो. मार्थाला सगळं सांगितलं. ती भात निवडत होती, तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, मला काय सांगता, ज्याचं आहे त्याला सांगा. मी म्हटलं, फोन उचलत नाही तो. ती म्हणाली, फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही.

पाऊस संपल्यावर गेलो. तळोद्याहून जीपमध्ये बसलो, ड्रायव्हर म्हणाला, त्या पाड्यावर गाडी जात नही, मव्हरे पायी जानं पडी, जमी का तुम्हले, गुडघा दुखी ऱ्हायना दिसस तुमना. मी म्हटलं, जमेल. पुढं पायी दीड तास चढ होता. गुडघ्याला जे व्हायचं ते झालं.

सायसिंग घराच्या छपराला कौलं बसवत होता, वर. मला बघून खाली उतरला. त्याच्या बापानं खाट टाकली, पाणी आणलं, त्याला मी कोण ते आठवलं, हात जोडले त्यानं, आणि ते जोडलेले हात मला बघवेनात. मी खाटेवर बसलो नाही, उभ्यानंच सांगितलं. फोन आला तेव्हा तू वीस पावलांवर होतास, मी तुला फोन दिला नाही. आई तुझं नाव घेत होती, ते मी तुला सांगितलं नाही. झटका होता, मी बरं नाही म्हणालो.

सायसिंग म्हणाला, माहीत आहे सर. शेजाऱ्यानं त्याच रात्री सांगितलं. तुम्ही येता का आणि येऊन हे बोलता का, ते बघत होतो.

बाप आत गेला, चूल पेटवायला. सायसिंग म्हणाला, सर, फोनचं राहू द्या. मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही जा म्हटलं असतं तर मी गेलो असतो. नको जाऊ म्हटलं असतं तर खेळलो असतो, आणि आज तुमच्यावर राग धरून बसलो असतो, शिव्या घातल्या असत्या, हलकं झालं असतं. तुम्ही म्हणाला, तू बघ. मी बघितलं. मीच बघितलं सर. आता मी कुणावर राग धरू.

मॅकसाहेबानं निदान ती तार स्वतःच्या खिशात ठेवली होती, माझा राग पण स्वतःवर घेतला होता. मी माझा खिसा मोकळा ठेवला आणि ओझं सगळं त्या पोरावर टाकलं. मी म्हणालो, माझ्यावर धर. तो म्हणाला, आता नाही धरता येत.

बापानं भाकर नि उडदाची डाळ वाढली. मला वाटलं उठून जावं, पण मार्था म्हणाली असती, जेवायला बसवलं तर ताटावरून उठायचं नाही. जेवलो. बाप मधेच काही तरी म्हणाला, सायसिंगनं मला सांगितलं, बाबा म्हणतो आई तुमचं नाव चांगलं घ्यायची, भाकरीवाले सर म्हणायची.

निघालो तर सायसिंग खाली रस्त्यापर्यंत आला, माझी पिशवी त्याच्या खांद्यावर. जीप भरलेली होती, टपावर पण माणसं. तो ड्रायव्हरशी पावरी भाषेत बोलला, आणि ड्रायव्हरनं पुढच्या सीटवरच्या दोघांना उठवून मला बसवलं. नंतर वाटेत मी ड्रायव्हरला विचारलं, काय म्हणाला तो. तर म्हणे, हे माझे सर आहेत, पुढं बसवा, पायाला लागतं त्यांच्या.

त्यानंतर मला मॅकसाहेबाला पत्र लिहावंसं फार वाटायला लागलं. काय लिहिणार होतो ते मला नीट माहीत नव्हतं, पण थुंकलो होतो त्याचं लिहिणार होतो. धाकट्या पोरीला सांगितलं, तू इंग्रजीत लिहून दे. ती नर्स आहे, तिला येतं. पत्ता पाहिजे म्हणून लुकासचा नंबर शोधला, जुन्या टीममधल्या एकाकडून मिळाला. लुकास आता म्हातारा झाला, कानाला कमी ऐकू येतं, मी मोठ्यानं विचारलं, तो म्हणाला, अरे तो जाऊन चार वर्षं झाली, तिकडंच, म्हाताऱ्यांच्या एका घरात, शेवटी माणसं ओळखत नव्हता म्हणे. मी फोन ठेवला. पोरगी कागद घेऊन बसली होती, मी म्हटलं, राहू दे बेटा.

आता मी इथं, आश्रमशाळेत. तासाप्रमाणे मानधनावर ठेवलंय, पोरींना फुटबॉल शिकवतो. पायानं चेंडू मारता येत नाही, काठीनं दाखवतो कुठं उभं राहायचं ते. चांगल्या पोरी आहेत, डोंगरातल्या, खालच्या सपाटीच्या, सगळ्या. गेल्या वर्षी शहाद्याला जिल्ह्याच्या मॅच होत्या, फायनलच्या सकाळी आमच्या गोलकीपर पोरीच्या घरून फोन आला, आजी पडली, पाय मोडला असेल, पोरीची आठवण काढते आहे. मी आधी फोन तिच्या कानाला लावला. मग म्हटलं, चल, बॅग भर. ती म्हणाली, सर, मॅच झाल्यावर जाते. मी म्हटलं, मी विचारत नाही, सांगतोय. शाळेच्या बाईंना सोबत देऊन तिला एसटीत बसवून दिलं. तिच्या जागी दुसरी पोरगी उभी केली, तिनं तीन गोल खाल्ले, हरलो. आणि आजीचा पाय नुसता मुरगळला होता. पोरगी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मला बघितलं की तोंड फिरवायची. मार्था म्हणाली, तिला समजावून सांगा. मी नाही सांगितलं. मी काय वाईट केलं नि काय चांगलं केलं याचा वाद तिच्याशी कशाला, ती रागावली तर माझ्यावर रागावली, स्वतःवर नाही ना.

सायसिंग कुठं आहे नक्की माहीत नाही. कुणी म्हणतं नाशिककडं काम करतो, कुणी म्हणतं गावीच आहे, मक्का लावला आहे, पोरगा झाला. फुटबॉल खेळत नाही एवढं सगळेच सांगतात. मी परत गेलो नाही, आणि जावं का नाही ते मला ठरवता येत नाही, त्यानं बोलावलं तर जाईन, गुडघा फुटला तरी जाईन.

आधी प्रार्थनेत मी मॅचचं मागायचो, तुम्हाला खोटं कशाला सांगू, सगळे खेळाडू मागतात. आता रविवारी चर्चला बसतो, मला खाली बसता येत नाही म्हणून मंडळीनं एक खुर्ची ठेवली आहे. मॅचचं काही मागत नाही. ज्या कुणाला घरून बोलावणं आलं तो वेळेवर पोचू दे, एवढं मागतो. बापाचं नाव घेतो, त्या बाईचं नाव मला कधी कळलं नाही, तर भाकर विचारणारी आई असं म्हणतो, देवाला समजत असेल. मग आमेन म्हणतो आणि मार्थाचा हात धरून उठतो.